बगळ्याला चावी

१२ जानेवारी

भिंगरी,

तुला भरपूर आशीर्वाद. अक्षर मोठं काढलंय ते डोळ्यांमुळे, ओरडतोय असं समजू नकोस.

डॉक्टरांनी अखेर तारीख दिली. वीस एप्रिलला डाव्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन, आणि त्यानंतर दोन महिने संगणकाचं तोंडही बघायचं नाही. म्हणजे तेवढे दिवस आपल्या कोडच्या कोठारात बदल करायची एकच चावी चालू राहणार, तुझी. तू दिवसभर प्रयोगशाळेत लोकांच्या कवळ्या घडवतेस आणि घरी येऊन 'भरती' या आपल्या प्रोग्रॅमचा कोड सांभाळतेस. तीनशे दहा लहान बंदरं आपल्या भरती-ओहोटीच्या वेळा बघून होड्या सोडतात. उद्या तू तापाने फणफणलीस आणि त्याच दिवशी कोडमध्ये काही बिघडलं तर कोण बदलणार? तिसरी चावी देऊन ठेवायला हवी.

ती बगळ्याला द्यावी असं माझ्या मनात आहे. टोपणनावापलीकडे मला त्याची काही माहिती नाही, पण वर्षभरात त्याने साठ-सत्तर दुरुस्त्या पाठवल्या आणि त्यातली एकही आपल्याला परत करावी लागली नाही. खाडीच्या तोंडाशी आणि खाडीच्या आत ओहोटी एकाच वेळी लागते असं तू धरलं होतंस. आत ती बावीस मिनिटं उशिरा लागते, हे त्यानेच दाखवलं. इतकं नेटकं काम मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं. वाचताना तुझी सुरुवातीची वर्षं आठवली.

चावीची गोष्ट कागदावरच बोलायची, हे आपलं पहिल्यापासूनचं ठरलेलं. ईमेल कोणीही चोरेल, पण तुझ्यासारखं कोंबडीचे पाय उमटल्यासारखं अक्षर काढणं कोणाला जमायचं नाही. म्हणून हे पत्र. होकार कळव.

तुझा दादा


२१ जानेवारी

दादा,

नमस्कार आधीच करून घेते, कारण पुढे भांडण आहे.

'सुरुवातीची वर्षं' म्हणजे काय रे? आणि आत्ताची? सोळा वर्षं झाली मला या कोडमध्ये. तू मामाच्या घरातल्या जिन्याखाली बसून पहिल्या शंभर ओळी लिहिल्यास, आणि त्यातल्या निम्म्या चुकीच्या आहेत हे कोणी सांगितलं होतं? कोण होता तेव्हा तुझा बगळा?

मला हेवा वाटतोय असं तू म्हणशील. मुळीच नाही. मी फक्त एवढंच विचारते, की हा प्राणी आहे कोण? नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही. बाई की पुरुष, एक माणूस की चार जणांची टोळी, हेसुद्धा ठाऊक नाही. बगळा कसा असतो हे काय मी तुला सांगायचं? एका पायावर डोळे मिटून उभा, आणि मासा टप्प्यात आला की संपलं. अशी माणसं असतात, दादा. वर्ष-वर्ष गोड बोलतात, चोख काम पाठवतात, सांभाळणारा थकला की मदतीला धावतात, आणि एकदा चावी हातात पडली की आत काय पेरतील याचा नेम नाही. तू थकला आहेस. हाच तो टप्पा.

तेव्हा चावी द्यायचीच असेल तर नियमाने दे. नियम मी लिहून पाठवते आहे, जसाच्या तसा कोठाराच्या पहिल्या पानावर लाव:

'ज्याला चावी हवी त्याला, कोठारात ज्याचं काम आहे अशा कोणीतरी गेल्या बारा महिन्यांत समोरासमोर भेटलेलं असावं आणि त्याचं ओळखपत्र हातात घेऊन पाहिलेलं असावं. आवाज, फोटो, व्हिडिओ, अक्षर, नातं, जुनी ओळख यांतलं काहीही चालणार नाही. खोटी साक्ष देणाऱ्याची स्वतःची चावी जाईल.'

यात माझा काही स्वार्थ नाही. बंदरांची काळजी, बाकी काही नाही.

तुझी भिंगरी

ता. क. त्या बावीस मिनिटांचं म्हणशील तर ते माझ्याही लक्षात आलं असतं. मला वेळ झाला नव्हता.


३ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र दोनदा वाचलं, एकदा भिंग लावून आणि एकदा हसत. पण नियम चांगला आहे. मी इतकी वर्षं भाबडेपणाने चाललो हे खरंच. शब्दही न बदलता पहिल्या पानावर लावला.

मग बगळ्याला सरळ विचारलं, बाबा रे, तू कोण? दोन तासांत उत्तर आलं. ती बाई आहे, तिशीतली. खाडीवरच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकिटाच्या खिडकीत बसते. दोन फेऱ्यांच्या मध्ये चाळीस मिनिटं मोकळी मिळतात, तेवढ्यात कोड लिहिते. बोट चिखलात कधी कधी रुतली याची टिपणं तिने ठेवली होती, त्यावरून बावीस मिनिटं सापडली. नियम वाचून म्हणाली, 'बरोबरच आहे, कोणीतरी या आणि बघा मला. खिडकी सकाळी सहा ते दुपारी दोन उघडी असते.'

आता गंमत ऐक. तो धक्का तुझ्या घरापासून बसने चार तासांवर आहे. मला तर दोन विमानं बदलावी लागतील, आणि या डोळ्यांनी ओळखपत्र तरी काय वाचणार? तेव्हा तूच जा. तुझ्या डोळ्यांवर माझा माझ्यापेक्षा जास्त भरवसा आहे.

दादा


२४ फेब्रुवारी

दादा,

गेले होते. एक दिवसाचा पगार बुडवून, चार तास जायला, चार तास यायला, मधल्या सीटवर, शेजारी घोरणारा गृहस्थ.

धक्का म्हणजे काँक्रीटची एक जीभ आणि तिच्या टोकाला पत्र्याची खोली. आत जेमतेम एक खुर्ची आणि एक स्टूल मावेल एवढीच जागा. खिडकी बंद होती. अर्धा तास थांबले, वारा असा की डोळ्यांत वाळू गेली. तिथल्या दोघातिघांना विचारलं, त्यांनी खांदे उडवले. मग परतीची बस चुकेल म्हणून निघाले.

मी काही वाईट बोलत नाही. आजारी असेल, कामात असेल. पण जिने स्वतः 'या आणि बघा' म्हटलं ती नेमकी त्याच दिवशी नसावी, याचा अर्थ तूच लाव. साक्षीच्या पानावर मी 'भेट झाली नाही, खात्री करता आली नाही' असं लिहिलं आहे. पुन्हा जायला मला जमणार नाही, मार्चमध्ये कामाचा ढीग आहे.

दोन महिन्यांची काळजी करू नकोस. मी आहे ना. सोळा वर्षं आपण दोघंच होतो, काय अडलं?

भिंगरी


१० मार्च

भिंगरी,

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, मला ती आवडली होती. पण नियम तो नियम. तिला एवढंच कळवलं की सध्या चावी देता येत नाही, थांब. कारण सांगितलं नाही, उगाच कोणाच्या गैरहजेरीचा बोभाटा कशाला. तिने 'बरं' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी नवी दुरुस्ती पाठवली.

पण रिकामा बसून तुझा नियम पुन्हा वाचताना माझ्या मनात आलं, की हा फक्त नव्यांनाच का? उद्या कोणी माझं खातं चोरून माझ्या नावाने वावरायला लागला तर? म्हणून नियम सगळ्या चाव्यांना लावायचा ठरवलं, जुन्यांनाही. पहिल्या पानावर तसं जाहीरही केलं. पंधरा एप्रिलपर्यंत ज्याची साक्ष येणार नाही त्याची चावी बंद.

माझी सोय झाली. आपले नकाशे करणारा इथेच दोन गल्ल्या सोडून राहतो, तो येऊन माझं ओळखपत्र बघून गेला, चहा पिऊन गेला. तुझं काय? आपण शेवटचे भेटलो ते बाबा गेले तेव्हा, त्याला अकरा वर्षं झाली. तुला या वर्षात आपल्यापैकी कोण भेटलंय?

दादा


१९ मार्च

दादा!

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मी तुझ्या सख्ख्या आत्याची मुलगी! तुझ्या कपाळावरची खूण माझ्या पाटीची आहे. आणि तू मला विचारतोस, तू कोण?

नियम बाहेरच्यांसाठी होता. मी लिहिला तो, मला माहीत नाही? 'नातं चालणार नाही' हे मी त्या बगळ्याला नजरेसमोर ठेवून लिहिलं, माझ्यासाठी नाही. माझ्या आसपास पन्नास मैलांत आपल्या कामातलं एक माणूस नाही. या वर्षात मला भेटलं कोण, तर दातांचे डॉक्टर, वाण्याच्या दुकानातली बाई आणि माझे दोन मुलगे. कुठून आणू साक्षीदार?

हवं तर व्हिडिओवर ये, तास-तास बघ माझं थोबाड. आईला विचार, तिला फोनवर देते. पण चावी बंद करू नकोस. दादा, मी दुसऱ्यांच्या तोंडात बसवायचे दात करते. त्यावर माझं नाव नसतं, कोणी मला ओळखत नाही, ओळखूही नये. माझं म्हणावं असं जगात हे एकच आहे. ते तू असं एका ओळीने काढून घेणार?

भिंगरी


२ एप्रिल

भिंगरी,

ओरडू नकोस. तुझी साक्ष आली आहे.

कोठारातल्या सगळ्यांना मी निरोप टाकला होता, की भिंगरीला या वर्षात कोणी भेटलं असेल तर कागदावर लिहून पाठवा. एकच पत्र आलं. डोळे दुखत असूनही ते तुझ्यासाठी उतरवून काढतो:

'सर, भिंगरीताईंना मी बावीस फेब्रुवारीला सकाळी सव्वानऊ वाजता आमच्या खिडकीवर भेटले. त्यांनी माझं ओळखपत्र पाहिलं. नियम दोघींना सारखा म्हणून मीही त्यांचं मागितलं, त्यांनी दाखवलं. फोटोत केस लांब आहेत, आता कानापर्यंत आहेत, चेहरा तोच. उजव्या हाताच्या बोटांवर पांढरी पूड होती, दातांचे साचे करतात त्याची. दोन तास बसल्या होत्या. त्याच त्या, याबद्दल मला शंका नाही, कारण कोडबद्दल त्या बोलल्या तसं दुसरं कोणी बोलू शकत नाही. माझ्या चावीचं काय झालं हे मी विचारत नाही. ताईंना माझ्यात काही कमी दिसलं असेल, मी शिकेन. पण त्यांची चावी जाऊ देऊ नका.'

बंद खिडकीतून तुला आतलं स्टूल कसं दिसलं, हा प्रश्न मला फेब्रुवारीतच पडला होता. मी तो गिळला. आता मात्र माझं घोडं अडलंय. ही साक्ष धरायची तर साक्ष देणारी बाई खरी पाहिजे. आणि ती खरी आहे की नाही हे सांगू शकेल असं माणूस एकच आहे, तू. तूच लिहिलं आहेस की तुमची भेट झाली नाही.

काय ते लिही. वीस तारखेच्या आत, म्हणजे मला वाचता येईल.

दादा


११ एप्रिल

दादा,

खिडकी उघडी होती.

तिने मला पाहिलं, तिकीट हवंय का विचारलं, मी नाव सांगितलं तर ती ताडकन उभी राहिली. तिची खुर्ची मला दिली आणि स्वतः स्टुलावर बसली. मी चौकशीला गेले होते रे, मनात सतरा प्रश्न घोळवत, की हिला कुठेतरी पकडायचंच. एकही विचारावा लागला नाही. ओळखपत्र तिने आधीच काउंटरवर काढून ठेवलं होतं.

मग तिने एक वही काढली. माझा कोड होता त्यात. सगळा, हाताने उतरवलेला. म्हणाली, 'मला कोणी शिकवलं नाही, ताई. तुमचं रोज एक पान उतरवायचे, उतरवलं की कळायचं.' मी पानं उलटत गेले. खाडीच्या गणिताशी आले. माझ्या चुकलेल्या ओळीखाली पेन्सिलने लिहिलं होतं, 'ताईंनी असं का केलं असेल? माझंच चुकत असणार.' खाली तारीख. तिने ती चूक तुला पाठवली त्याच्या चार महिने आधीची. चार महिने तिने मोजमापं घेतली, कारण मी चुकेन यावर तिचा विश्वासच बसत नव्हता.

कोणत्याही शहाण्या माणसाला तिथे आनंद झाला असता. माझा नुसता जळफळाट झाला. ती वाईट निघाली असती तर मी सुखाने घरी आले असते. ती चांगली आहे, आणि माझ्यापेक्षा चांगली आहे, आणि माझंच वाचून झाली आहे. तू तिचं काम बघून मला विसरशील असं वाटलं. बसमध्ये चार तास मी एकच वाक्य जुळवत होते, 'खिडकी बंद होती.' घोरणारा गृहस्थ तेवढा खरा होता.

आणि स्वतः घातलेल्या फासात स्वतःच अडकले. तिला बाहेर ठेवायला नियम लिहिला, आणि मला आत ठेवायला तीच एकटी धावून आली.

साक्षीच्या पानावरचं माझं वाक्य मी काल खोडलं आणि खाली खरं लिहिलं: भेटले होते, ओळखपत्र पाहिलं, खात्री आहे, आधी खोटं लिहिलं होतं. ते पान आजवर चावीवाल्यांनाच दिसायचं, मी ते सगळ्यांना उघडं केलं, तिलाही. तेव्हा तिला चावी दे. माझी नियमाप्रमाणे काढून घे. मी रडले आहे, पण ते मनावर घेऊ नकोस, मी कशावरही रडते.

भिंगरी


१९ एप्रिल

भिंगरी,

उद्या सकाळी सातला ऑपरेशन. घाईत लिहितोय.

तुझी चावी काढली. तिची दिली. तू आता बाहेरून दुरुस्त्या पाठवायच्या, इतर सगळे पाठवतात तशा. त्या तपासून आत घेणं चावीवाल्याचं काम. मी दोन महिने आंधळा, म्हणजे तपासणार ती.

मी तुला कधीच विसरलो नव्हतो, मूर्ख मुली. 'सुरुवातीची वर्षं' लिहिलं ते तुला बरं वाटावं म्हणून.

दादा


३० जून

दादा,

डोळा उघडला, पहिल्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसले, हे वहिनीने फोनवर सांगितलं तेव्हा प्रयोगशाळेत मी एका गृहस्थाची खालची कवळी हातात धरून नाचले. आता हळूहळू वाच, सगळं एका दमात नको.

इथली खबर. दोन महिन्यांत मी अकरा दुरुस्त्या पाठवल्या. आठ आत गेल्या, तीन परत आल्या. पहिली परत आली तेव्हा मी दातओठ खाल्ले, दोन तास घरात भांडी आपटली. मग बघितलं तर तिचं बरोबर होतं. दुसऱ्या वेळी एकच तास लागला. तिसऱ्या वेळी मी आधीच कपाळाला हात लावला होता. बंदरं सगळी ठीक आहेत. एकही तक्रार नाही. काम ती माझ्याहून शांतपणे करते, हे लिहिताना अजूनही पोटात दुखतं, पण लिहिते.

ते पान तिने वाचलं. कधी वाचलं ते मला कळलं, कारण त्या दिवसापासून तिचे निरोप बदलले. 'आपली दुरुस्ती मिळाली. ओळ चाळीस पुन्हा पाहावी.' 'आपली दुरुस्ती स्वीकारली.' चूक काढता येणार नाही इतकं सभ्य. मी माफीचं पत्र पाठवलं, कागदावर, चार पानं. त्याची पोच आली, उत्तर आलं नाही.

आणि नकाशेवाला काल सांगत होता, की तू पट्टी बांधून पडला होतास तेव्हा ती तुला रोज दुपारी फोन करायची. फेरीत किती जण आले, कोणाची चप्पल चिखलात गेली, खाडीचं पाणी कुठवर चढलं, सगळं. तू हसत असायचास म्हणे. ऐकून मला तुझा इतका हेवा वाटला की जेवण गेलं नाही. आधी तिचा वाटायचा, तुझ्यामुळे. माझी खोडच अशी, त्याला तू तरी काय करणार.

सोमवारची सुट्टी टाकली आहे. पहाटेची बस आहे, सव्वानऊला पोचते. चावी मागायला आली असं तिला वाटेल, वाटू दे. तू मध्ये पडू नकोस, तिला फोन करून काही सांगू नकोस. चावी नाही मिळाली तरी माझं चालेल. तिने मला एकदा परत ताई म्हणावं, म्हणून जाते आहे.

भिंगरी